मेक्सिकोचा गरुड, अकोल्याची माती

एलेनाचं ईमेलने आलेलं पत्र मी आधी निम्म्यातच सोडून दिलं होतं. पुण्यात तीस वर्षं स्पॅनिश शिकवून निवृत्त झालं की कसली कसली पत्रं येतात. कुणाला व्हिसाचे कागद भाषांतर करून हवे असतात, कुणाला तिकडच्या मैत्रिणीला चार गोड ओळी. हे पत्र कुस्तीबद्दल होतं आणि कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही. दोन दिवसांनी पुसून टाकायच्या आधी म्हणून शेवटपर्यंत वाचलं, तर खाली एक शब्द दिसला: अकोला. परक्या भाषेच्या मजकुरात शेजारच्या गावाचं नाव असं अचानक भेटलं की कसं वाटतं, ते गाव सोडलेल्यांनाच कळेल. मी अमरावतीची. एकविसाव्या वर्षी तिथून निघाले ती निघालेच.

पत्रातली गोष्ट अशी. एलेनाचे वडील मेक्सिकोतले फार गाजलेले पैलवान. तिकडे पुष्कळसे पैलवान मुखवटा घालून लढतात आणि तो मुखवटा हीच त्यांची अब्रू असते. साधी कुस्ती हरली तर चालतं. पण मुखवटा पणाला लावून हरला, की भर गर्दीत तो उतरवायचा, आपलं खरं नाव सांगायचं, आणि मग त्या पैलवानाचं जवळपास संपलंच. हे गृहस्थ ‘एल तेकोलोते’ म्हणून लढत, म्हणजे घुबड. पिसांच्या नक्षीचा तपकिरी मुखवटा, डोळ्यांभोवती पिवळी वर्तुळं. तीस वर्षांत तो कुणाला उतरवता आला नाही. पोरांच्या दप्तरांवर त्यांची चित्रं असत, बाजारात त्यांचे पत्र्याचे बाहुले मिळत. बँकेत, चर्चमध्ये, लेकीच्या शाळेत ते मुखवट्यानेच जात. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीच्या शेजारी घुबड उभं आहे.

घरात मात्र ते मुखवटा काढून बसत. तो चेहरा फक्त घरच्यांचा. शेवटच्या आजारपणात त्यांनी अंगणात शेगडी पेटवायला लावली आणि उघड्या चेहऱ्याचा एकेक कागद जाळून टाकला: पासपोर्ट, गाडीचा परवाना, तरुणपणची ओळखपत्रं. कागद त्यांच्या हातात देत होती एलेनाच. मला कशाला हवा फोटो, चेहरा तर पाठ आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्यांना मुखवट्यासकट पुरलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं घुबडाचे मुखवटे घालून रडत उभी होती. त्याला आता वीस वर्षं झाली. ‘मला त्यांचा चेहरा आठवेनासा झाला आहे,’ असं तिने लिहिलं होतं. ‘डोळे मिटले की घुबड दिसतं.’

तरुणपणी, एलेनाच्या जन्माच्या कितीतरी आधी, इकडचा एक ठेकेदार त्यांना कुस्त्यांच्या दौऱ्यावर घेऊन आला होता. मरण्याआधी ते लेकीला म्हणाले होते, ‘पैलवान झाल्यावर घराबाहेर मी एकाच जागी उघड्या तोंडाने उभा राहिलो. अकोल्याच्या मातीत. तिथे एक फोटोही निघाला होता.’ तो फोटो एलेनाला हवा होता. मी उलट टपाली एवढंच लिहिलं: ये.

अमरावती

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही दोघी अमरावतीला माझ्या भावाकडे पोचलो. एलेना साठीला टेकलेली, ठेंगणी, खांदे मात्र बापाचे असावेत असे. दादाने तिला पाहून हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “हे पैलवानाची पोट्टी? मले वाटलं भिंतीएवढी असंन.” संध्याकाळी त्याने हौसेने गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला तो वडा एलेनाने दोनदा मागून घेतला आणि दादाचं तिच्याबद्दलचं मत सुधारलं.

रात्रीच्या जेवणाला वहिनीने भाकरी टाकल्या. एलेना ओट्याजवळ उभी राहून पाहत होती. वहिनीचे दोन तळहात चालू होते, थप थप, आणि पाहता पाहता एलेनाचे डोळे भरून आले. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मिरची मुळात यांच्याकडची, तिथून ती आपल्याकडे आली. वहिनीने ठेच्याच्या खलबत्त्याकडे पाहिलं, मग एलेनाकडे. “त्यायच्याकडूनच आली म्हनता मिरची, तं मंग हिच्या डोयातून पानी कावून येऊन राह्यलं?”

मिरचीने नव्हतं ते. तिची आजी मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या अशाच थापायची, असाच आवाज व्हायचा, आणि तो आवाज तिने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मी भाषांतर केलं. वहिनीने एक गोळा तिच्या हातात दिला. तिची भाकरी वाकडी आणि जाड झाली, पण दादाने तीच खाल्ली.

झोपताना मला माझी आई आठवली. आईचे फोटो माझ्याकडे शंभर असतील. लग्नातले, बारशातले, नातवंडांना घेऊन बसलेले. आवाज मात्र एकही नाही. “काय करून राह्यली व?” असं ती फोनवर म्हणायची. शब्द आठवतात, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. एलेनाला फोटो हवा, मला आवाज. तिच्या शोधाला निदान जायला एक गाव होतं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला तिचा थोडा हेवा वाटला.

मूर्तिजापूरवरून अकोला

सकाळी दादाने गाडी काढली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तूर सोंगून मोकळी झालेली, कपाशीची शेवटची बोंडं अजून झाडांवर. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे चिंचोळे रूळ झुडपांत शिरताना दिसले आणि एलेनाला त्यांच्यावरून चालायची लहर आली. दादा नको म्हणाला, मी नको म्हणाले. दहा मिनिटांत ती लंगडत परत आली. दोन्ही मोज्यांना सराट्यांचे काटे गच्च चिकटलेले. मग अर्धा तास तिघं मिळून मोजे साफ करत बसलो. असेच काटे त्यांच्याकडे आहेत आणि अशीच बंद पडलेली गाडीही आहे, असं तिने मोठ्या समाधानाने सांगितलं.

अकोल्यात मी आत्मविश्वासाने तिला आधी भलत्याच तालमीत नेलं. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांना सगळं सांगायचं होतं. बाहेरच्या टपरीवर पाच म्हातारे जमले. मेक्सिकोचा गरुड? हो तर, त्यांच्यातल्या दोघांनी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती कुस्ती पाहिली होती.

“घुबड ना?” मी विचारलं.

“घुबड कायचं? गरुड. पोष्टरवर गरुडच लिवलं व्हतं.”

उलगडा नंतर झाला. ठेकेदाराला त्या नावाचा अर्थ कळला तेव्हा तो हादरला होता. छपरावर घुबड बसलं तरी घराची शांती करून घेणारी माणसं घुबडाच्या कुस्तीचं तिकीट कशाला काढतील? त्याने परस्पर गरुड करून टाकला. मुखवटा तोच राहिला.

पण टपरीवरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं आणखीच निराळं होतं. तो माणूस मेक्सिकोचा नव्हताच. “थो बाळापूरचा व्हता,” एक जण ठामपणे म्हणाला. दुसऱ्याच्या मते पातूरचा. पुरावा काय? त्याने खानावळीत वऱ्हाडी ठेचा वाटीभर खाल्ला आणि डोळ्याला पाणी आलं नाही. “आता सांगा, भायेरच्या देशातला मानूस आपला ठेचा खाईन? ठेकेदारानं आपलाच पोट्टा उभा केला अन् तोंड झाकलं.” मी त्यांना सांगितलं की ही त्यांची मुलगी, मेक्सिकोहून आली आहे. म्हाताऱ्याने एलेनाकडे निरखून पाहिलं. “बाळापुरात अशा लय बाया हायेत,” तो म्हणाला.

एलेनाला हे सांगताना मला लाज वाटत होती, पण ती हसून हसून बाकावर टेकली. वडिलांना हे फार आवडलं असतं, म्हणाली. आयुष्यभर लोक त्यांचं खरं गाव शोधत होते आणि बाळापूर कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

खरी तालीम दोन गल्ल्या पलीकडे होती. आता तिथे खाली लोखंडी वजनांची व्यायामशाळा आहे, आणि मागे, पत्र्याखाली, कुस्तीच्या मातीचा जुना हौद तेवढा जपून ठेवला आहे. तांबडी माती, तेल आणि ताक मुरलेली, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती. तालीम चालवणारा पन्नाशीचा माणूस त्या वेळच्या वस्तादांचा नातू निघाला. त्याने आजोबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं.

नागपूरची कुस्ती लांबली म्हणून गरुडाला अकोल्यात पंधरा दिवस काढावे लागले. लॉजवर बसून कंटाळला आणि एका पहाटे तालमीच्या दारात येऊन उभा राहिला, मुखवट्यासकट. अंगाखांद्याने पैलवान, पायातले जोडेही त्याने स्वतःहून काढले होते. वस्तादांनी त्याला हौदाच्या काठावर अडवलं. मातीत उतरायचं तर तोंड उघडं करून. मारुतीसमोर कुणी तोंड झाकून उतरत नाही, मग तो कुठल्याही मुलखाचा असो. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती, पण हे त्याला कळलं. तो परत गेला. दुसऱ्या दिवशी आला, काठावर बसला, कुस्त्या पाहिल्या, गेला. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी वस्तादांनी बाहेरचं दार लावून घेतलं, तालमीतल्या बाराही जणांना मातीत हात घालून, हा चेहरा कुणा परक्याला कळू देणार नाही, असा शब्द द्यायला लावला, आणि त्याने मुखवटा काढून मारुतीच्या पायाशी ठेवला. उरलेले दिवस तो रोज पहाटे लढला. निघायच्या दिवशी पाहुण्यासोबत फोटो काढायची रीत होती, तसा हौदात उभं राहून काढला. फोटोवाल्यालाही शब्द द्यावा लागला.

“अन् फोटो?” मी विचारलं. मी वऱ्हाडीत ‘अन्’ म्हणाले हे दादाने लगेच टिपलं आणि मला कोपराने ढोसलं.

“आजोबा गेल्यावर नामदेव पैलवान घेऊन गेले. बारा जणांत सर्वांत लहान थेच. अंजनगावले असतात. पन ताई, थे दाखवनार नाईत. आमच्या घरच्याइलेबी नाई दाखवला.”

एलेना हौदाच्या काठावर बसली होती. मी सांगितलेलं सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, “तीन दिवस? ते तीन दिवस असे थांबून राहिले?” तिच्या वडिलांनी कधी तीन मिनिटं कुणाची वाट पाहिली नव्हती.

अंजनगाव सुर्जी

नामदेव पैलवानांचं घर गावाबाहेर, विड्याच्या पानांच्या मळ्याला लागून. मळ्यात शिरलं की थंडावा लागतो. उंच चढलेले वेल, ओली माती. पैलवान ओसरीत खाटेवर बसले होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले, मान अजून ताठ. सुनेने चहा आणला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“फोटो हाय,” ते म्हणाले. “देवघरात हाय. पन दाखवाचा नाई.”

“आबा, ही त्यांची सख्खी मुलगी आहे.”

“मुलगी म्हनून कोनीबी येईन. मांगं एक जन कॅमेरा घेऊन आला, म्हने मी नातू हावो.” त्यांनी कप खाली ठेवला. “बारा जनाइनं मातीत हात घातला व्हता. अकरा गेले. मीच एकटा राह्यलो. आता मीच शब्द सोडला तं मंग काय राह्यलं, सांगा.”

देवघराचं दार उघडंच होतं. मारुतीच्या तसबिरीशेजारी एक चौकट दिसत होती, तिच्यावर लाल फडकं. सून हळूच म्हणाली की लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिने ते फडकं उचललेलं पाहिलेलं नाही. धूळसुद्धा आबाच पुसतात, दार लावून.

मी एलेनाला सांगितलं. तिने फक्त मान हलवली. इतक्या लांबून येऊन पाच हातांवर चौकट दिसावी आणि मध्ये एका म्हाताऱ्याचा शब्द असावा, याचा मला राग आला. मी पैलवानांशी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. ते रागावले नाहीत.

“बरं, थिले इचार,” ते म्हणाले. “लेक असंन तं बापाचं तोंड सांगन. कसं व्हतं, काय खूण व्हती. जुळलं तं घरचंच मानूस, मंग शब्द मोडत नाई.”

यापेक्षा सरळ गोष्ट नसेल, आणि एलेनाला नेमकं तेच येत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. नाक सरळ होतं की बसकं? हनुवटीला खळी होती का? तिथे स्पॅनिश मला एकटीला येत होतं. तिने काहीही म्हटलं असतं तरी मी मराठीत मला हवं ते सांगू शकले असते, आणि कबूल करते, तसं माझ्या मनात आलंही. पण सांगणार काय? मलाही तो चेहरा ठाऊक नव्हता.

“चेहरा नाही सांगता येत,” एलेना शेवटी म्हणाली. “तोच तर शोधायला आले. त्यांना सांग, मला फक्त एक गोष्ट आठवते. ते घराबाहेर पडताना रोज एक करायचे. रिंगणात उतरतानाही. आईला वाटायचं, क्रॉसची खूण चुकीची करतात. पाद्रीबुवा एकदा रागावलेसुद्धा. पण नंतर सगळं गाव तसं करायला लागलं. अजून करतात. लढत सुरू होण्याआधी हजार माणसं वाकतात. माझा मुलगा आता तसाच मुखवटा घालून लढतो, तोही करतो. का करतात, कुणालाच माहीत नाही.”

ती उठली, ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि अंगणात वाकली. उजव्या हाताच्या चिमटीत माती घेतली, आधी डाव्या खांद्याला लावली, मग कपाळाला. हात झटकला नाही. चिमटीत उरलेली माती तिने पुन्हा जिथून घेतली तिथेच ठेवली आणि वर बोटाने दाबली.

पैलवान खाटेवरून उठले होते.

“आमच्या वस्तादाची रीत,” ते मला म्हणाले, एलेनाकडेच पाहत. “बाकीच्या तालमीत माती झटकतात. आमच्या वस्तादाले थे खपत नसे. घेतली तेवढी लावा, उरली थे परत ठेवा.” मग म्हणाले, “परत ठेवली पाह्य थिनं. जनमभर थो मानूस तिकडं हेच करत राह्यला का?”

मी एलेनाला हे सांगितलं आणि पुढचं काही मला सांगता आलं नाही, कारण मलाच रडू आलं. हजारो माणसं परक्या देशात वाकतात, आणि ती अकोल्याच्या एका तालमीची शिस्त आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

पैलवानांनी सुनेला बाहेर बोलावलं. दादाला अंगणात जायला सांगितलं. मी एलेनाबरोबर आत जायला निघाले, तर माझ्यापुढे हात आडवा केला. “तू नाई माय. तू कोन त्याची?” मला ते लागलं. तीन दिवस मी तिचं तोंड झाले होते. पण त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी स्वतः एलेनाला देवघरात नेलं, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. तो चेहरा मी पाहिला नाही. वाचणाऱ्यांना कसा होता ते सांगता येत नाही, आणि आता वाटतं तेच बरं.

आम्ही ओसरीत बसलो. चहा दुसऱ्यांदा झाला. मळ्यातून कुणीतरी पानांची टोपली भरून आणली. पैलवान मोडक्या कानावरून हात फिरवत होते.

एलेना बाहेर आली ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. मला वाटलं ती आनंदात असेल. तिचा चेहरा पडला होता.

“तेच आहेत,” ती म्हणाली. “नाक, कपाळ, सगळं. बघितल्याबरोबर ओळखलं. पण तो पोरगा आहे. माझ्या मुलापेक्षा कितीतरी लहान. दात दाखवून हसतोय. मला रविवारी अंडी तळणारे बाबा हवे होते. दाढी करताना कापून घेणारे. ते तर मीच जाळले. याला मी ओळखलं, पण तो मला ओळखत नाही. माझा जन्मच व्हायचाय.”

“काय म्हनते?” पैलवानांनी विचारलं.

हे भाषांतर करायची माझी इच्छा नव्हती. तरी केलं, शब्दाला शब्द. त्यांनी थोडा विचार केला. फार नाही.

“मंग सांगाव ना त्याले,” ते म्हणाले. “नवा मानूस भेटला तं आपन वळख देतो का नाई? कोनाची कोन, कोन्या गावची, लेकरं किती. जा म्हना अंदर, दे म्हना वळख. त्याले कुठी जाची घाई हाय?”

मी एलेनाला सांगितलं. तिने पदर असल्यासारखं गळ्यातल्या ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं आणि उठून आत गेली. या वेळी दार कुणी ओढून घेतलं नाही. तिने आधी आपलं नाव सांगितलं. मग आईचं. मग त्यांच्या गल्लीचं नाव, आणि घरासमोर कसलं झाड आहे ते. त्या घरात ती काय बोलते आहे हे कळणारी मी एकटीच होते, म्हणून मी उठले आणि पार मळ्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले.